कानबाबा आणि तेलाचा लाल दिवा

रविवारी सकाळी नऊ वाजता फर्निचरच्या गोदामामागच्या आवारात बावीस गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि बावीसही गाड्यांची बॉनेटं उघडी होती. या गाड्या साध्यासुध्या नव्हेत. टर्बो बसवलेल्या, खाली दबवलेल्या, मागे मनगटाएवढे जाड सायलेन्सर लावलेल्या. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या माणसाची छाती धडधडावी एवढ्याच हेतूने मालकांनी त्यांच्यावर जीव टाकलेला होता. मालकही साधे नव्हते. दोन दंतवैद्य होते, एक बँकेतले अधिकारी होते, बाकीची संगणकावर काम करणारी तरुण मंडळी. शिकलेली माणसं भाबडी व्हायचं ठरवतात तेव्हा तेही नीट शिस्तीत होतात. टोकन वाटली जात होती.

सगळे वाट बघत होते कानबाबांची. हे गृहस्थ पूर्वी सीटकव्हरं विकायचे. एके दिवशी त्यांना म्हणे इंजिनांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. तेव्हापासून ते इंजिनाला कान लावून आजार ओळखत आणि हात लावून बरा करत. स्क्रू काढायची भानगड नाही, पान्याला स्पर्श नाही. अंगात पांढराशुभ्र डगला. तो शुभ्र राहायचा, यावरूनच खरं तर कुणीतरी काहीतरी ओळखायला हवं होतं.

रांगेत सातव्या नंबरवर माझा दादा होता, म्हणून मी तिथे होते. माझं औषधाचं दुकान आहे. दादा इमारतींचे नकाशे काढतो. एखादा खांब किती वजन पेलेल, हे तीनदा मोजल्याशिवाय सही न करणारा माणूस. पण गाडीचा विषय निघाला की त्याचं गणित सुटीवर जातं. त्याने इंजिनाची मर्यादा काढून टाकून ते कंपनीने सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेगाने फिरेल अशी सोय करून घेतली होती. आठवडाभर मिरवून झालं. मग इंजिन टकटक वाजू लागलं आणि समोर तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

गॅरेजवाल्याने ऐकून सांगितलं होतं, "ऑइल पंप गेलाय बहुतेक. चालवू नका, ओढून आणा. आत्ता नुसता पंप बदलून भागेल."

"घाबरवतो तो," दादा मला म्हणाला. "त्यांचा धंदाच आहे तो."

आणि धंद्यापासून वाचण्यासाठी तो कानबाबांकडे आला.

बाबांनी इंजिनाला कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ 'हं, हं' केलं, जणू फोनवर सासूबाई बोलत होत्या.

"हिला भीती बसलीय," ते म्हणाले. "तुम्ही हिला पळवलंत. कधी थोपटलंत का?"

दादाची मान खाली गेली. बायकोने हाच प्रश्न विचारला असता तर वर राहिली असती.

मग विधी. इंजिनावर एक चंदेरी कापड पसरलं. त्याखाली बाबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेले. दादाने डोळे मिटून 'मी घाई सोडली' असं अकरा वेळा म्हणायचं होतं. शेवटी बाबांनी बाटलीतून इंजिनात 'शांतितेल' ओतलं. ते इतकं दाट होतं की बाटलीतून बाहेर यावं की नाही, याचा त्याने जरा विचार केला.

"लावा चालू."

दादाने गाडी चालू केली. टकटक जवळपास नाहीशी. लाल दिवा गायब. टाळ्या पडल्या. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आता काय म्हणणं आहे तुझं?" त्याने मला विचारलं.

माझं म्हणणं असं होतं की खोकला दाबणारं औषध मीही विकते, आणि त्याने न्यूमोनिया बरा होत नाही. पण भावाच्या आनंदाच्या क्षणी असं बोलणाऱ्या बहिणींना पुढच्या वेळी गाडीत घेत नाहीत. मी गप्प बसले. ते चुकलं.

आठवडाभर दादाने गाडी दामटली. पुढच्या रविवारी त्याला बाबांच्या समोर अनुभव सांगायचा होता आणि तिथून थेट महामार्गाने जाऊन वहिनीच्या वडिलांना आणायचं होतं. त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया होऊन नऊ दिवस झाले होते. शनिवारी वहिनीचा मला फोन आला.

"टकटक परत येतेय, बारीकशी. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, माझा विश्वास कमी पडतोय. माझ्या विश्वासाने इंजिन चालतं का हो?"

मी आत्याला फोन केला.

आमची आत्या एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होती. शेवटची बारा वर्षं तिथली मुख्य. मोटारीतलं तिला काही कळत नाही, असं ती स्वतःच सांगते. पण पंप म्हटलं की तिचा एकच प्रश्न असतो, "दाब किती?" रविवारी ती आमच्याबरोबर आली तेव्हा तिच्या पिशवीत गॅरेजवाल्याकडून मागून, कुठे लावायचं तेही विचारून आणलेलं एक दाबमापक होतं आणि एक पाना.

आवार भरलेलं होतं. दादाने अनुभव सांगितला. आवाजात कंप, मधे एक विराम, सगळं होतं. लोक माना डोलावत होते. एक दंतवैद्य महिन्यापूर्वी याच कृपेनंतर महामार्गावर बंद पडले होते. मागून येणारा ट्रक थोडक्यात चुकला. 'मनात शंका होती' असं निदान बाबांनी केलं होतं, आणि दंतवैद्य नवं इंजिन बसवून पुन्हा पहिल्या ओळीत हजर होते.

"मी जरा गाडीत बसू का?" आत्याने विचारलं.

"बसा की, माई," बाबा प्रेमळपणे म्हणाले. म्हातारी माणसं पायाच पडणार, याची त्यांना सवय झाली होती.

आत्या बसली. तिने किल्ली अर्धी फिरवली. समोरचे सगळे दिवे लागले, इंजिन बंदच होतं.

"दादा, इकडे ये. इंजिन फिरतंय?"

"नाही."

"मग तेलाचा पंप फिरतोय?"

"तो इंजिनावरच चालतो. म्हणजे नाही."

"मग आत्ता तेलाला दाब आहे?"

"नाही. कसा असेल?"

"दाब नसला की लागतो तो लाल दिवा कुठे आहे?"

दादाने वाकून बघितलं. बॅटरीचा दिवा होता, ब्रेकचा होता, पट्ट्याचा होता. तेलाचा नव्हता. मी त्याचा चेहरा बघत होते. त्या चेहऱ्यावर आठ दिवसांनी प्रथमच नकाशे काढणारा माणूस परत आला.

"आत्ता तो लागायलाच हवा," तो हळू म्हणाला.

"नवी गाडी असली तरी लागतो. मग इंजिन सुरू झालं की विझतो. बाबांनी बरं केलंय ते दिव्याला."

आत्या उतरली, बॉनेटखाली वाकली आणि दोन मिनिटं चाचपडली. एक वायर तिने वर काढली. टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून ती नळीमागे खोचून ठेवलेली होती. दाब ओळखणाऱ्या बटणाची वायर. चंदेरी कापडाखाली होत होतं ते एवढंच.

कुजबुज सुरू झाली. बाबा डगमगले नाहीत. "संकेत हाच भयाचा उगम आहे," ते म्हणाले. "मी तिचं भय तोडलं."

"बरं," आत्या म्हणाली. "मग दाब बघू."

तिने ते बटण काढलं, जागी मापक बसवलं आणि दादाला इंजिन चालू करायला सांगितलं. काटा जरासा उठला, थरथरला आणि शून्याच्या शेजारी जाऊन बसला.

"पंप तेल ढकलतच नाहीये. जाड तेलाने आवाज मुरवला. आत लोखंडावर लोखंड घासतंय. बंद कर, दादा."

दादाने बंद केलं. मग त्या आवारात वीसेक गाड्यांच्या किल्ल्या अर्ध्या फिरल्याचा आवाज आला. सहा गाड्यांत लाल दिवा लागला नाही. त्यातले दोघे मालक बाबांच्या अंगावर गेले. चौघे आत्यावर चिडले, कारण चांगलं चाललेलं तिने बिघडवलं. बाबा 'ध्यानाची वेळ झाली' म्हणत गोदामातून जे गेले ते दिसलेच नाहीत. गोंधळात दोघांनी शांतितेलाच्या बाटल्या मात्र उचलल्या.

वहिनीने वडिलांसाठी रुग्णवाहिका ठरवली. गाडी ओढून गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने इंजिनाचा तळ उघडला तेव्हा तेलात धातूच्या कणांची चमकी होती, लग्नपत्रिकेवर असते तशी. पंपाच्या दातेरी चाकाचे दोन तुकडे झाले होते. वेग वाढवला तेव्हाच त्याला तडा गेला असणार. बेअरिंगं घासून तांबडी पडली होती आणि क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, चरे उठले होते.

"मागच्या आठवड्यात आणली असती तर?" दादाने विचारलं.

"तर पंप बदलला असता," गॅरेजवाला म्हणाला. "आता इंजिन. महामार्गावर ते जाम झालं असतं, तर..."

दादाने ते तुकडे हातात घेतले. "मी खांबाला हात लावून सांगतो का कधी, की उभा राहील म्हणून?" तो म्हणाला. "मोजतो. मग इथे मला काय झालं होतं?"

"दिव्याची भीती वाटली तुला," आत्या म्हणाली. "वाटावीच. त्यासाठीच लावतात तो."

बाबा आता दुसऱ्या गावात असल्याचं ऐकते. कान तोच, डगला नवा. त्यांना मी थांबवू शकत नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. यंत्र असो की शरीर, धोक्याची खूण विझवून देणारा माणूस भेटला, तर आधी विचारा की खूण गेली की धोका गेला. दाब मोजा, रक्त तपासा, किल्ली अर्धी फिरवून बघा. याला श्रद्धा लागत नाही आणि अकरा वेळा काही म्हणावंही लागत नाही. डोळे फक्त उघडे ठेवावे लागतात.