रफिकनं केलेली वसुधा

शनिवारी लेकीचा, जाईचा भरतनाट्यमचा क्लास सिंगापूरमधल्या बेडोकच्या कम्युनिटी सेंटरमध्ये असायचा आणि तो तासभर वसुधा बाहेरच्या बाकावर मोबाइल चाळत बसायची. त्या दिवशी शेजारच्या खोलीत माणसं तर दिसत होती, पण आवाज अजिबात येत नव्हता. तिला राहवेना. उठून तिनं दारातून डोकावलं.

आत सहा-सात माणसं काहीतरी जड उचलून नेत होती. हातात काहीच नव्हतं. पण माना ताठरल्या होत्या, गुडघे वाकले होते, आणि सगळ्यात मागचा गृहस्थ अडखळला तेव्हा वसुधाच्या तोंडून "अहो, जपून!" असं चक्क मराठीत निघून गेलं.

शिकवणारी बाई वळली. रोहाना तिचं नाव. पन्नाशीची, अंगानं काटक. "काय नेत होतो आम्ही, सांग?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"लोखंडी प्लेट. आणि तो मागचा चुकीच्या जागी उभा आहे. बोटं जातील त्याची."

"मग आत ये लाह," ती खास सिंगापुरी ढंगात म्हणाली. "दाखव."

वसुधाला हे कळणारच होतं. तुआसच्या एका शिपयार्डमध्ये ती सेफ्टी ऑफिसर होती. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी पन्नास कामगारांसमोर, त्यात तमिळ, बंगाली, चिनी सगळेच, ती नियम वाचून दाखवायची. 'धोका दिसला तर काम थांबवा. कुणीही थांबवू शकतं.' समजलं ना? पन्नास हेल्मेटं डोलायची. महिन्यापूर्वी सेल्वम नावाच्या फिटरची दोन बोटं प्लेटखाली चिरडली. चौकशीत निघालं की प्लेट घसरतेय हे चौघांना दिसलं होतं. चौघांनाही नियम पाठ होता. मग एकानंही हात का वर केला नाही? वसुधानं अहवालात 'जागरूकतेचा अभाव' असं लिहून टाकलं, पण ते तिचं तिलाच पटलं नव्हतं.

ती दर शनिवारी जाऊ लागली. फिजिकल थिएटर म्हणजे शब्दांऐवजी शरीरानं गोष्ट सांगणं, एवढं तिला पहिल्याच दिवशी कळलं. ते जमायला मात्र काही महिने लागले. सुरुवातीला नुसतं उभं राहायचं, मग नुसतं चालायचं. बेचाळिसाव्या वर्षी पोटऱ्या अशा भरून यायच्या की घरी नवरा, अनिश, गरम पाण्याची पिशवी तयारच ठेवायचा.

एकदा रोहानानं सगळ्यांना एक प्रसंग दिला: साहेब अशक्य काम सांगतोय, तुम्हाला नाही म्हणायचंय, बोलायचं नाही. वसुधा उभी राहिली. मनात 'नाही' अगदी स्पष्ट होतं आणि मान होकारार्थी हलत होती. तिनं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा मान आधी हलली.

"हे 'नाही' नेमकं अडकतं कुठं?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत? शोध तू."

घरी परतताना ती सेल्वमच्या चौघा साथीदारांचाच विचार करत होती. पुढच्या शनिवारी तिनं रोहानाला यार्डात बोलावलं. रोहानानं साफ नकार दिला. "माणसं तुझी आहेत, तूच कर. फक्त उत्तर देऊ नकोस. विचार, आणि थांब."

यार्डाचे मॅनेजर शैलेंद्र परांजपे. ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाटक? सकाळी साडेसातला? अहो वसुधा, डिलिव्हरी तोंडावर आलीय."

"पंधरा मिनिटं, सर."

"दहा देतो. मीही येतो बघायला."

सोमवारी ती कामगारांसमोर उभी राहिली आणि नियमांचा कागद खिशातच ठेवला. एकही शब्द न बोलता ती प्लेट धरणारा कामगार झाली. प्लेट घसरते. त्याला दिसतं. हात वर जायला लागतो, खांद्यापर्यंत येतो आणि तिथून वळून हेल्मेट खाजवायला लागतो. पुन्हा वर, पुन्हा तेच. हशा पिकला. ओळखीचा हशा होता तो.

"हा हात वर का जात नाही?" तिनं हिंदीत आणि मग इंग्रजीत विचारलं. "कुणी येऊन दाखवेल?"

कुणी हललं नाही. उत्तर अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. ती थांबली. शेवटी मागच्या रांगेतून रफिक नावाचा बांगलादेशी वेल्डर पुढे आला. तो कामगार होईल असं तिला वाटलं होतं. पण त्यानं तिला प्लेटपाशी उभं केलं, स्वतः चार पावलं दूर गेला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पाय आपटू लागला. सुपरवायझर! पोरं खदखदून हसली. मग त्यानं खूण करून सगळ्यांना थांबवलं. पाठ ताठ केली, डाव्या हातावर न दिसणारी फाइल धरली, आणि तिच्या समोरून चालत गेला. फाइलवर टिक, टिक, टिक. कामगार झालेल्या वसुधाचा हात आता खरंच वर होता. त्यानं मान वर करून एकदाही पाहिलं नाही.

हसू थांबलं. सगळे आता तिच्याकडे बघत होते. वसुधाचे कान तापले. आपण अशा चालतो? तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली.

"परत कर," ती म्हणाली. "जरा सावकाश. मला नीट बघायचंय."

रफिकनं परत केलं. दहाची पंचवीस मिनिटं झाली, तरी शैलेंद्रांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

त्या आठवड्यात नवी रीत ठरली: हात वर झाला की आधी काम थांबेल आणि सुपरवायझर स्वतः त्या माणसापर्यंत चालत जाईल. जो थांबवेल त्याचं नाव कुठंही लिहिलं जाणार नाही. वसुधानं आपली फाइल ऑफिसात ठेवायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांनी एका तमिळ मुकादमानं क्रेन चालू असताना हात वर केला. सगळं थांबलं. पट्टा तपासला, साखळी तपासली. काहीही बिघडलं नव्हतं. संध्याकाळी शैलेंद्र तिच्या टेबलापाशी आले. "अर्धा तास गेला आज."

"गेला, सर."

"मी त्याला काही बोललो नाही. बोलावंसं फार वाटत होतं हो."

"दिसलं मला. त्यालाही दिसलं असणार. उद्या त्याच्याशी हात मिळवा."

शैलेंद्रांनी खरोखरच मिळवला. त्यानंतर महिन्यात चार वेळा हात वर झाले, त्यातले दोन अगदी योग्य वेळी.

वसुधा आता रोहानाच्या मंडळीबरोबर प्रयोग करते. यार्डातल्या काही कामगारांनाही यायचं होतं, म्हणून सराव त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, रविवारी हलवला. पहिल्या रविवारी रफिक इस्त्रीचा शर्ट घालून, तासभर आधीच येऊन बसला होता. त्याला काय करून बघायचंय, असं रोहानानं विचारलं.

"फोन," तो म्हणाला. "मी आईला सांगतो, सगळं छान आहे. आई पलीकडे गप्प असते. ती गप्प असते तेव्हा कशी बसत असेल, ते मला करून बघायचंय."

रोहानानं एक खुर्ची ओढून मध्ये ठेवली. रफिकनं ती बाजूला सारली आणि तो जमिनीवर बसला.