कोटाच्या बाह्यांतला अंधार

आमची धाकटी काय करते असं कुणी विचारलं, की मी "काही नाही, फोटोबिटो काढते" म्हणून विषय बदलायचो. हाताला शाई लागत नाही ते कसलं काम, असं आम्हा छापखान्यातल्या माणसांचं मत.

त्या दिवशी माझी नोकरी संपत होती. संध्याकाळी सगळ्यांसमोर माझं मशीन शेवटचं चालवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते भंगारात जायचं. धाकटी सकाळपासून कॅमेरा घेऊन मागे मागे. रीळ संपलं तरी बाईसाहेबांना अजून एक फोटो हवा होता. तिने फिल्म पुढे सरकवायचा खटका जोरात ओढला आणि आत काहीतरी तुटलं. यंत्रावर जोर करू नये, हे तिला लहानपणापासून सांगत आलोय. ऐकेल तर शपथ!

"बाबा, फिल्म रिळातून निसटली, आता परत गुंडाळता येत नाही," ती म्हणाली. तोंड एवढंसं झालेलं. "कॅमेरा उजेडात उघडला तर सकाळचे फोटो गेले. नाही उघडला तर संध्याकाळचे काढता येणार नाहीत."

तिची फोटो धुवायची अंधारी खोली दुसऱ्या शहरात. आमच्या कागदाच्या खोलीच्या दाराला फटीच फटी.

"तुमचा जाड कोट द्या."

तिने कॅमेरा आणि फिल्मसाठी एक घट्ट झाकणाची काळी डबी कोटात ठेवली, बटणं लावली, कॉलर आणि घेर घट्ट दुमडून खाली घेतले. मग बाह्यांच्या तोंडातून हात आत घातले. मनगटांवर मी सुतळी बांधली.

"दुमड दाबून धरा. आणि बोलू नका."

मला गप्प बसवणारी घरात ही एकटीच. मी दुमड धरली.

तिने डोळे मिटले. कोटाखाली बोटं सरकू लागली, सावकाश, फिल्मच्या फक्त कडेकडेने. गठ्ठ्यातले कागद न बघता सुटे करताना माझी बोटं अशीच चालतात. कुणी शिकवलं हिला?

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. मशीन बघायला आलेला भंगारवाला, हातात भलामोठा टॉर्च. मी कोटावर आडवा पडलो.

"दार लाव आधी! नंतर काय ते बोल!"

धाकटी मात्र जराही दचकली नाही. बोटं चालतच राहिली. मग डबीचं झाकण बसल्याचा बारीक आवाज आला. माझा ऊर असा भरून आला, की उठायचंच विसरलो.

"उठा आता," ती हसत म्हणाली. "नवीन रीळ घालते. मशीन चालवायचंय ना?"

सगळे फोटो आले, सकाळचेही आणि संध्याकाळचेही. मशीनपाशी हसतानाचा माझा फोटो बाहेरच्या खोलीत लावलाय. पाहुणे म्हणतात, "छान आलात हो!"

"माझं काय घेऊन बसलात," मी म्हणतो. "माझी मुलगी फोटोग्राफर आहे. हे तिने कसं वाचवलं ते ऐका."

आतून ती ओरडते, "बाबा, पुरे!"

मी खुंटीवरचा कोट काढतो आणि पाहुण्यांना बाह्यांत हात घालायला लावतो.