उलट्या वेढ्यांचा दोर

वंशावळ करायची खाज माझीच. पणजोबांच्या चौकटीपाशी येऊन घोडं अडलं होतं, कारण त्यांचा गळा आवळून खून झाला होता आणि घरात त्याबद्दल कुणी तोंड उघडत नसे. धाकटे आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे भाऊ, वय शहाऐंशी, म्हणाले, "मी येतो जागा दाखवायला. माझ्याशिवाय आहे कोण?"

खुनासाठी तुरुंगात गेला होता पणजोबांच्या दोराच्या कारखान्यातला चाकवाला. दोर वळायचं चाक फिरवणारा. आदल्या दिवशी त्याचं मालकांशी भांडण झालं होतं, एवढ्यावरच. तो तुरुंगातच वारला. त्याच्या नातीने मला शोधून फोन केला होता. "माझी आई जन्मभर खुन्याची मुलगी म्हणून जगली. आता अंथरुणाला खिळली आहे. काही सापडलं तर सांगाल ना?" मी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला होता.

सकाळी कोर्टाच्या दप्तरखान्यात गेलो. जिना चढवेना म्हणून धाकटे आजोबा खालीच बसले. कारकुनाने फायलीतून गळा आवळलेल्या दोराच्या तुकड्याचा फोटो काढून दिला. मी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, मोठा करून पाहिला. तुकड्याच्या दोन्ही टोकांना सुतळीचे घट्ट, नीटस वेढे होते.

आमच्या घरात दोर तोडला की टोक उघडं ठेवत नाहीत, पीळ सुटतो. पार्सलची दोरी कापली तरी अजून माझा हात सुतळी शोधतो. चाकवाल्याने जन्मात टोक बांधलं नव्हतं, ते काम घरच्यांचं. माणूस मारायला निघालेला कुणीतरी आधी टोकं बांधत बसला होता, आणि तो आमचाच होता. धाकटे आजोबा तेव्हा पोरसवदा, म्हणून मला माझ्या आजोबांची शंका आली. मोबाइल पर्समध्ये टाकून मी जिना उतरले.

दुपारी कारखान्यात पोचलो. लांबच लांब शेड, आता जुन्या फ्रिजचं गोदाम. रखवालदार कुलूप काढून देऊन निघून गेला.

"इथे पडला होता बाप," धाकटे आजोबा म्हणाले. त्यांना भलताच हुरूप चढला होता. "टोक कसं बांधायचे ते बघ." एका खोक्याची दोरी त्यांनी चाकूने कापली, गोणपाटाचा धागा उपसला आणि गुंडाळायला लागले. डाव्या हाताने. माझे वेढे जातात त्याच्या बरोबर उलटे.

मी मोबाइल काढायला नको होता. पण काढला. फोटोतले वेढेही उलटे होते.

"काय बघतेस?"

"काही नाही, आजोबा."

त्यांनी शांतपणे मोबाइल पाहिला. दार त्यांच्या पाठीमागे होतं. "या डाव्या हातावर बाप रोज फळी हाणायचा," ते म्हणाले. "सोळा वर्षांचा होतो मी. कोर्टात दादाला हाच दोर दाखवला. त्याने उलटसुलट करून पाहिला. ओळखला बरं का! म्हणाला, कुणाच्या हातचा ते सांगता येत नाही."

म्हणजे माझ्या आजोबांना ठाऊक होतं. ज्या माणसाच्या मांडीवर मी वाढले, त्याने चाकवाल्याला डोळ्यांदेखत तुरुंगात जाऊ दिलं. मला त्यांची किळस आली, आणि त्याहून जास्त समोरच्या धाकट्या आजोबांची भीती वाटत होती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. चाकवाल्याची नात.

"घे की," धाकट्या आजोबांनी माझं मनगट धरलं. जन्मभर दोर ओढलेला हात तो. "मलाही ऐकू दे."

"काही सापडलं का हो?" ती म्हणाली. "आई सकाळपासून विचारतेय."

एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक.

"नाही हो," मी म्हणाले. "फायलीत काहीच नव्हतं."

"बरं. तसं सांगते तिला."

त्यांनी मनगट सोडलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आपल्या घरची खरी," ते म्हणाले.