रंभाबाईंसाठी राखलेलं मशीन

"ताई, ही नवी सिस्टीम पण बोलते. ऐका तर खरं," म्हणत सुयोगने हेडफोन रंभाच्या कानांवर चढवला.

कानात जे उमटलं ते ऐकून तिच्या अंगावर काटा आला. पत्र्याच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज. बाईचा की बाप्याचा तेही कळेना. तिने सवयीने बोटं चालवली, पण एकही कळ ओळखीचं उत्तर देईना. पत्राचा मजकूर यायला हवा तिथे तो आवाज भलतंच काही सांगत सुटला. ती मागे गेली, पुढे आली, पुन्हा चुकली. ऑफिसातले सगळे आपापली कामं टाकून बघताहेत, हे तिला खोलीतल्या गप्पपणावरून कळत होतं. मागे कुणीतरी हसू दाबलं.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मला नाय जमायचं."

"लगेच कुणालाच जमत नाय, ताई. दोन महिने द्या. मी दर शनिवारी मुरबाडहून येतो. कळा थोड्या वेगळ्या आहेत, तेवढंच."

रंभा सापगावची. लहानपणी गोवराच्या तापात तिची नजर गेली. बापाने तिला अंधशाळेत घातलं, तिथे ती संगणक शिकली आणि राखीव जागेवर शहापूरच्या या कॉलेजात लागली. पहिले काही महिने तिला काय काम द्यावं हेच कुणाला सुचेना. मग तिच्या मशीनवर पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला गेला. त्यातली बाई हिंदी वळणाची होती, 'ळ'चा 'ल' करायची, सावळारामाला सावलाराम म्हणायची. पण रंभा तिला इतक्या वेगात बोलायला लावी की दुसऱ्या कुणाला नुसती गुणगुण ऐकू येई. पुढे कॉलेजचं मराठी पत्र म्हटलं की ते रंभाबाईंकडेच जाऊ लागलं. एकही चूक नसायची. प्राचार्य न वाचता सही करत.

आता ऑफिसातले संगणक जुने झाले होते. नवी विंडोज त्यांना पेलवत नव्हती, जुनीचे सुरक्षेचे अपडेट बंद झाले होते आणि संस्था नवी मशीन घेणार नव्हती. देखभालीचं काम बघणाऱ्या सुयोगने सुचवलं, सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स टाकू. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर धावते. बाकीच्यांनी चार दिवस कुरकुर केली. त्यांच्यासाठी पडद्यावरची चित्रं इकडची तिकडे झाली होती, एवढंच.

"अरे सुयोग, कशाला बाईंना छळतोस?" हेडक्लार्क देवराम भाऊसाहेब आपल्या खुर्चीतून म्हणाले. "त्यांच्या मशीनवर जुनी विंडोजच राहू दे. त्यांच्यासाठी राखून ठेवू ते."

रंभाला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

सुयोग तिच्या कानाशी वाकला. "ताई, माझं ऐका. ते जुनं मशीन आता नेटला जोडता येणार नाय. सगळं ऑफिस एकीकडं आन् तुमी एकीकडं पडाल. आज जड जाईल, पण शिकून घ्या."

मघाचं ते दाबलेलं हसू अजून तिच्या मानेवर चिकटलेलं होतं. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुला फुकटात गावली म्हणून माझ्या गळ्यात मारतोस काय रे? तुझे डोळे धड आहेत. आंधळ्याला काय लागतं ते तुला काय कळणार?"

ऑफिस खळखळून हसलं. या वेळी सुयोगवर. रंभाला ते हसणं गोड लागलं. सुयोगने वायर गुंडाळली, पिशवीत भरली आणि तो निघून गेला.

दुपारी लडकू शिपाई तिच्या टेबलावर चहा ठेवत म्हणाला, "पोराला लय बोललीस गो बाय. आठ दिस तो घरी डोल्याला फडका बांधून त्या मशीनवर बसत व्हता म्हने. तुला शिकवायचं म्हनून."

रंभाने चहा घेतला. 

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती कामावर आली तर तिचं टेबल जागेवर नव्हतं. भाऊसाहेबांनी स्वतः हात धरून तिला जिन्याखालच्या खोलीत नेलं. तिथे खेळाच्या जुन्या चटयांचा वास कोंडला होता. "इथं शांतता आहे," ते म्हणाले. "पत्रांचं काम आता नेटवरून होतं, ते पोरं बघतील. तुमच्यासाठी मी मोठं काम काढलंय. कॉलेजचा सुवर्णमहोत्सव येतोय. सगळे जुने वार्षिक अंक टाइप करून त्यातून एक ग्रंथ काढायचा. लडकू वाचेल, तुम्ही टाइप करा. तुमच्याशिवाय हे होणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकून तिने लगेच मशीन सुरू केलं.

काम तिला आवडू लागलं. लडकू आयुष्यभर शिपाई राहिला होता, पण वाचायचा बरा. कुठे अडला तर अक्षरं सुटी सुटी करून सांगायचा. कधीकाळच्या पोरापोरींनी लिहिलेलं ते सगळं: कुणी उंबरमाळीच्या जंगलात हरवलेली म्हैस लिहिलेली, कुणी भातसा धरणात गेलेलं मामाचं गाव. एक निबंध वैशाखरे गावच्या सुंदरा नावाच्या मुलीचा होता. 'भात लावताना माणसं मागे मागे सरकतात,' असं तिने सुरू केलं होतं. 'माझ्या आईचं सगळं चालणं असं मागे मागेच झालं. ती पुढे चाललेली मी फक्त एकदा पाहिली, आजीच्या मयताला.'

"पुन्हा वाच, मामा," रंभा म्हणाली होती.

संध्याकाळी शेअर रिक्षाने घरी गेल्यावर तिने ते आईला म्हणून दाखवलं. तांदूळ निवडता निवडता आईचा सुपावरचा हात थांबला. ती म्हणाली, "कोनाची गो ती पोर? खरं लिवलान तिनं." आपण करतोय ते मोठं काम आहे, याची त्या दिवशी रंभाला खात्रीच पटली. ग्रंथ निघेल तेव्हा प्रकाशनाला नेसायला साडी घ्यायची असं तिने आईला सांगूनही टाकलं. आईने रंग विचारला, तर म्हणाली, "तू सांग. लोकांना बरा दिसंल तो."

दर महिन्याच्या शेवटी भाऊसाहेब पेनड्राईव्ह घेऊन येत. तो मशीनमध्ये घातला की टुंग असा आवाज होई. "वा, बाई! कामाचा उरक दांडगा," असं म्हणत ते तो काढून घेऊन जात. रंभा त्या दिवशी जरा लवकर येऊन टेबल पुसून ठेवी.

मे महिन्यात परीक्षा उरकल्या आणि कॉलेज ओस पडलं. जिन्याखाली उकाडा मावत नव्हता. लडकू वारा घेत कंटाळलेल्या सुरात वाचत होता आणि रंभाची बोटं त्याच्या मागोमाग चालली होती.

"भात लावताना," लडकूने वाचलं, "मानसं मागे मागे सरकतात."

रंभाची बोटं थांबली.

"पुढं वाचू?"

"हे झालंय, मामा."

"नाय गो. येगला हाय हा. भातावर लय जनांनी लिवलंय."

"वैशाखऱ्याची सुंदरा. पुढं आजीचं मयत आहे."

 रंभाने आधीची फाईल उघडली, शोधाच्या कळा दाबल्या. मशीनमधली बाई झरझर बोलू लागली: भात लावताना माणसं मागे मागे सरकतात. मग तिने गेल्या काही दिवसांतला मजकूर एकेक करून शोधला. उंबरमाळीची म्हैस पुन्हा होती, पण या खेपेला लडकूने म्हशीची गाय केली होती. मामाच्या गावाचा मधला भाग गाळला होता. कुठे सुरुवात बदलली होती, कुठे नाव.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"होलीच्या आगुदर अंक संपलं," लडकू म्हणाला. "मी भाऊसायबांना सांगतला. ते म्हनलं, पयल्यापासून धर, तिला कुठं दिसतंय."

"दिसत नाय. ऐकू येतं ना मला."

"मी तेच म्हनलो त्यांना. म्हनून तर थोडं थोडं बदलीत व्हतो." त्याने नाक पुसलं. "आज उकाड्यानं ध्यान नाय रायलं."

"आन् तू मला सांगितलं नायस."

लडकूने अंक मिटून बाजूला ठेवला. मग जे खरं होतं ते सांगून टाकलं. "मलापन बरं व्हतं गो बाय. हितं बसलो की कोन पानी भरायला धाडत नाय, कोन जिना चढायला लावत नाय. गुडघं गेलंत माझं."

"मग भाऊसाहेब महिन्याला काय घेऊन जातात?"

"काय नाय. पेनड्राईव घातला की टुंग वाजतं, तेवढ्यापुरता. उघडीत पन नाय ते."

रंभा उठली. भिंतीला हात लावत, जिन्याला वळसा घालून ती ऑफिसात गेली. पंखे चालू होते आणि कुणीतरी कलिंगड कापत होतं.

"भाऊसाहेब, ग्रंथाचं काय झालं?"

"कुठला ग्रंथ?" असं आधी त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग ते सावरले. "हां, तो. अहो, माजी विद्यार्थ्यांनी परस्पर सगळ्या अंकांचे फोटो काढले, मोबाईलवर टाकले. संस्थेने ग्रंथ रद्द केला."

"कधी?"

"झाले काही महिने."

"मग मी काय करत होते?"

"बसा बाई, कलिंगड घ्या," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जराही लाज नव्हती, उलट थोडा दुखावलेपणा होता. "हे बघा. नुसतं बसवून ठेवलं असतं तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं. मी तुमचा मान राखला. दर महिन्याला उन्हातान्हाचं जिन्याखाली येत होतो तुमच्यासाठी. दुसऱ्या कुणी एवढं केलं असतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. कलिंगडाची बी थुंकल्याचा आवाज आला.

"मला नवीन सिस्टीम द्या. मी शिकते."

"आता? तेव्हा सुयोग पाया पडत होता तर तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झाडलात. विंडोजच पाहिजे म्हणून तुम्हीच अडून बसलात. आम्ही दिली. आता तो काम सोडून गेला. नवीन माणसाला तसलं काही येत नाही. आणि कुणाचं मशीन काढून तुम्हाला देऊ, सांगा?"

 अडून ती बसलीच होती.

घरी जाऊन तिने सुयोगला फोन लावला. मागे गाड्यांचे आवाज येत होते, कुणी हिंदीत खोके मोजत होतं. तो भिवंडीकडे एका गोदामात लागला होता.

"बोला ताई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. रंभाला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

तिने सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"त्या जुन्या मशीनवर टाकता येईल ना?" तिने विचारलं. "शनिवारी येशील?"

"मशीनवर टाकायला काय नाय, ताई. पण मला आता शनिवार-रविवार ड्युटी असते. आन् भाऊसाहेब मला आत घेतील काय? जाताना माझ्या कामाचे पैसेपण अडवले त्यांनी. म्हनले, तुझी सिस्टीम बाईंनी पण नाकारली."

रंभाच्या हातातला फोन घामाने निसटू लागला. "सुयोग, त्या दिवशी मी जे बोलले..."

"टाइम नाय ताई, सुपरवायझर आला," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. नंतर तिने दोनदा लावला. दोन्ही वेळा त्याने रिंग पूर्ण वाजू दिली.

दुसऱ्या दिवशी ती जिन्याखालच्या खोलीत गेली, मशीन सुरू केलं आणि होळीपासूनच्या सगळ्या फाईली पुसून टाकल्या. आधीच्या तेवढ्या राहू दिल्या. मग मशीन बंद केलं. लडकू पुस्तक उघडून बसला होता. "मामा, तू जा आता पाणी भरायला," असं त्याला सांगून तिने आपली लोखंडी खुर्ची उचलली, ठेचकाळत ऑफिसात नेली आणि भाऊसाहेबांच्या टेबलासमोर, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत ठेवली.

"हे काय चालवलंय?" भाऊसाहेब म्हणाले.

"काम नाय ना मला. बिनकामाचं बसायचं तर तुमच्या समोर बसते."

"बाई, तमाशा करू नका."

ती पदर सारखा करून, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दिवसभर कुणी तिच्याशी बोललं नाही. दोन दिवस ऑफिसात जरा अवघडलेपण होतं, कुणी हसेना. तिसऱ्या दिवसापासून लोक तिला चुकवून जायला शिकले. प्रवेशाचे दिवस सुरू झाले तशी तिच्या खुर्चीभोवती रांग वळसे घेऊ लागली. कुणाची छत्री तिच्या पायावर गळे, तर कुणी तिच्या खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून सही करी.

एका सकाळी ती येऊन खुर्चीत बसली आणि तिला स्वतःचा श्वास तोंडावर परत आल्यासारखा वाटला. माणसांचा गलका पाठीमागून येत होता. तिने हात पुढे केला. बोटं थंड भिंतीला लागली. रात्री कुणीतरी खुर्ची कोपऱ्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तिच्या मागे सगळे गप्प झाले, सुयोगने हेडफोन चढवला त्या दिवशी झाले होते तसेच. ती काय करते ते बघत असावेत.

रंभा उठली. दोन्ही हातांनी पाठ धरून तिने ती खुर्ची जागच्या जागी फिरवली. लोखंडी पाय फरशीवर करकरले. ती बसली.

रोज सकाळी खुर्ची पुन्हा फिरवलेली असते. तीही येते, आधी हात लांब करून भिंत कुठे आहे ते चाचपते, खुर्ची वळवते आणि माणसांकडे तोंड करून बसते.