बाबांची पोचपावती

बाबांना जाऊन चार दिवस झाले होते आणि रेवतीला त्यांना मुलुंडला आणायचं होतं. एवढंच.

तिचे बाबा शिवदास पूल बांधायला म्यानमारमध्ये गेले तेव्हा ते गाव तिथल्या सरकारच्या ताब्यात होतं. पूल अर्धा होईतो बंडखोरांच्या ताब्यात गेलं. मलेरियाने ते गेले, तेही बंडखोरांच्याच इस्पितळात. देह बर्फात ठेवला होता आणि बर्फ संपत आला होता. बंडखोरांचा कमांडर नावेने देह नदीच्या भारताकडच्या काठावर पोचवायला तयार होता. त्याला फक्त भारत सरकारच्या शिक्क्याची पोचपावती हवी होती.

"शिक्का मारला म्हणजे आम्ही त्यांना सरकार मानलं," दिल्लीचे अधिकारी फोनवर म्हणाले. "म्यानमारचं सरकार गप्प बसेल? आपले बंडखोर त्यांच्या जंगलात लपतात, मॅडम. त्यांना हुसकायला तिथलंच सैन्य लागतं आम्हाला."

रेवतीला हे ठाऊक होतं. यावरची पुस्तकं तिच्याच कपाटात होती. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच चीड आली.

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोरकाका आले. त्यांनी खिशातून रबरी शिक्का काढला. "गोल आहे, नोंदणी क्रमांक आहे. तिकडे देवनागरी कोण वाचतंय गं? टँकरवाल्याला चालतो, कमांडरला का नाही चालणार?"

तिने आयुष्यात खोटा कागद केला नव्हता. तिने पावती लिहिली, शिक्का मारला, फोटो पाठवला.

तासाभराने तिथल्या नर्सचा फोन आला. "नाव सुटली. चाळीस मिनिटं लागतील." मग आनंदाने म्हणाली, "कमांडरने पावती जाहीर केली. भारताने मान्यता दिली म्हणून लोक नाचतायत."

मागोमाग दिल्लीचा फोन. "म्यानमार सरकारने आपल्या राजदूताला जाब विचारायला बोलावलंय. हा शिक्का कसला, आत्ता लिहून द्या. तोवर नाव काठाला लागणार नाही."

"लिहून दिलं तर लागू द्याल?"

"आम्ही देऊ. बंडखोर नाव येऊ देतील का, ते मी कसं सांगू?"

काका खाली मान घालून बसले होते. रेवतीने लिहिलं, 'हा शिक्का आमच्या गृहनिर्माण संस्थेचा आहे,' आणि पाठवलं.

नर्सचा पुन्हा फोन आला तो अर्ध्या तासाने. "दिल्लीने तुमचं पत्र जाहीर केलं. नाव परत आली. तुम्ही आम्हाला फसवलंत."

"हो," रेवती म्हणाली. "बर्फ?"

"संपला. आमच्यात पुरतात."



"पुरा," रेवती म्हणाली. "आमच्यात गेलेल्याचं डोकं दक्षिणेकडे ठेवतात. तसं ठेवा."

"भारताकडे नको?" नर्सने विचारलं.

"नको."