मान्य नसण्याचं कारण

क्रांतीने तिसऱ्या रकान्यात 'तपासणी नीट झाली नाही' एवढं लिहिलं आणि पेनाला टोपण लावून टाकलं, पुन्हा काढावंसं वाटायला नको म्हणून. रकान्याच्या डोक्यावर छापलं होतं, 'आधीचे मूल्यमापन मान्य नसण्याचे कारण'. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचला. बाहेरच्या, सांगलीतल्या तज्ज्ञाकडून मुलीची फेरतपासणी करून हवी असेल तर एवढ्यावर भागणार नाही, म्हणाले. नीट झाली नाही म्हणजे नेमकं काय झालं? असं विचारून ते शेजारच्या खोलीतून रेश्मा मॅडमना बोलवायला उठले. गेल्या वर्षीची तपासणी मॅडमनीच केली होती.

प्रांजल आईला चिकटून बसली होती. दहा वर्षांची, पाचवीतली. 'कमळ' वाचायला घेतलं की 'क'वरच थांबायची. वर्गातल्या बाई म्हणायच्या, रिपोर्टात तर सगळं ठीक आहे, म्हणजे पोरगी आळशी. त्या रिपोर्टामुळे तिला ना शिकवायला विशेष शिक्षिका मिळत होती, ना परीक्षेत सवलत. मिळायच्या त्या शिक्षा. हल्ली सकाळी दप्तर दिसलं की तिला उलटी व्हायची.

खरं तर तपासणी अगदी चोख झाली होती, फक्त दुसऱ्याच पोरीची. गेल्या वर्षी शाळेतून अध्ययन-अक्षमता तपासणीच्या शिबिराची चिठ्ठी आली तेव्हा सासरे लालासाहेब, निवृत्त सुभेदार, म्हणाले होते की असला कागद या घरात येणार नाही, उद्या पोरीच्या लग्नात तोच आडवा येईल. मग त्यांनी तोडगा काढला, तोही पलटणीतल्या माणसाला शोभेल असा, झटपट. जावेची साक्षी वर्षाने लहान, पण चुणचुणीत. प्रांजलचा युनिफॉर्म साक्षीला क्रांतीनेच घातला. वेणीही तिनेच घातली, आणि नाव विचारलं तर काय सांगायचं तेही तिनेच घोटून घेतलं. जम्मूला असलेल्या नवऱ्याला फोनवर 'पोरगी पास झाली' म्हणून सांगणारीही तीच. सासऱ्यांना दोष देणं सोपं होतं. पण वेणी घालताना आपला हात एकदाही अडखळला नव्हता, हे आठवलं की तिला स्वतःची लाज वाटायची.

रेश्मा मॅडम आल्या. तिशीच्या असतील. करारावर काम, आणि स्कूटीवरून वीस शाळा फिरायच्या. त्यांनी अर्ज वाचला, प्रांजलकडे पाहिलं आणि तिला टेबलावरच्या पेन्सिली मोजायला सांगितल्या. प्रांजल तीनपर्यंत गेली आणि परत एकवर आली. पुन्हा मोजल्या, पुन्हा तेच. मॅडमचा चेहरा उतरला.

त्या दिवशी चाळीस मुलं होती, मॅडम साहेबांना म्हणाल्या. घाई झाली असणार, हिच्या आईने लिहिलंय ते बरोबर आहे.

"चूक माझी आहे. मी तसं लिहून देते."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. नोटीस काढावी लागेल, मग करार वाढणं अवघड, असं काहीसं ते पंख्याकडे बघत पुटपुटले. गप्प बसलं की सगळंच मिळत होतं, क्रांतीला कळत होतं. सांगलीची तपासणी मिळणार होती, घरात कुणी वाकडं बोलणार नव्हतं आणि सासऱ्यांची मान गावात ताठच राहणार होती. मॅडमनी तारीख घातली आणि खाली मान घालून लिहायला लागल्या.

"मॅडम, नगा लिवू." क्रांती म्हणाली. "तुमची काय चूक न्हाई. त्या दिवशी आमी हिला बसवलीच न्हाई. माझ्या जावंची पोरगी बसवली, हिचं नाव सांगून. मीच तयार करून आणली हुती."

साहेब पंख्याकडे बघायचे थांबले. आता मॅडमनी चार शब्द सुनावावेत, असं क्रांतीला वाटत होतं. तेवढं तरी सोसून झालं असतं. पण मॅडमनी नुसतं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची प्रांजलकडे वळवली.

"मग तू कुठं होतीस गं त्या दिवशी?"

प्रांजल सरळ होऊन बसली. या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं.

"आजोबांच्या जीपमदी. शिटाच्या खाली. मम्मी म्हणली हुती, कुणाला दिसायचं न्हाई." मग ती आईकडे वळली. "मी एकदाबी वर बघितलं न्हाई. व्हय का न्हाई गं मम्मी?"