ब्रेक मारणाऱ्या सरांचा मुखवटा

मी मुखवटा. नाटकातला नाही हं, रेडिएशनच्या खोलीतला. जन्मलो तेव्हा प्लास्टिकचा नुसता सपाट, भोकाभोकांचा तुकडा होतो. तंत्रज्ञ ताईंनी मला गरम पाण्यात बुडवून मऊ केलं आणि एका घाबरलेल्या चेहऱ्यावर ओढून बसवलं. बघता बघता घट्ट झालो. नाक सरांचं, हनुवटी सरांची. माझं स्वतःचं असं काहीच नाही!

सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सर. तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून ओरडले, पायाखालचा जादा ब्रेक दाबत राहिले. एके दिवशी दाढी करताना मानेला गाठ लागली. दुखत नाही म्हणून दोन महिने अंगावर काढली. निघाला टॉन्सिलचा कॅन्सर, एचपीव्ही नावाच्या, शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे झालेला. नशीब, लवकर सापडला.

हे मला काकूंकडून कळलं, म्हणजे सरांच्या बायकोकडून. त्या ताईंना सांगत होत्या, "डॉक्टर म्हणाले, एकतर टॉन्सिलचं तोंडातून ऑपरेशन आणि मानेतल्या गाठीही काढायच्या, नाहीतर सात आठवडे रेडिएशन. बरं होण्याची आशा दोन्हीकडे सारखीच. पण ऑपरेशननंतरही कधीकधी रेडिएशन लागतं म्हणे. म्हणून यांनी हेच धरलं." मग हळूच म्हणाल्या, "विषाणूचं ऐकून दोन दिवस अबोला होता आमचा. शेवटी डॉक्टरच रागावले. हा बहुतेकांना कधी ना कधी गाठतो, एखाद्याच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो, दोष कुणाचा ते शोधत बसू नका म्हणाले."

सरांना धास्ती एकच. "आवाज राहील ना हो?"

"बसेल थोडे दिवस, बहुतेकांचा परत येतो," ताई म्हणाल्या. "पण एकही दिवस चुकवायचा नाही, काका."

पहिल्याच दिवशी गंमत झाली. मी सरांचं डोकं टेबलाला जखडून धरलेलं. यंत्र वळून जवळ आलं आणि सरांनी उजवा पाय दाणकन खाली दाबला! खांदा हलला, ताईंनी यंत्र थांबवलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पाय.

"अहो, एवढं धूड अंगावर येताना दिसलं की ब्रेक आपोआप लागतो," मला काढल्यावर सर ओशाळून म्हणाले.

"आज गाडी माझ्या हातात आहे. तुम्ही शिकाऊ!" ताईंनी दटावलं आणि पाय पट्ट्याने बांधले.

पाचव्या आठवड्यात मात्र हसू संपलं. घसा सोलवटला, चव गेली, आवाज पार बसला. सरांनी कागदावर लिहिलं, 'उद्यापासून येणार नाही.'

काकूंनी कागद टराटरा फाडला. "मग मी या वयात गाडी शिकून, चौकाचौकात बंद पाडत, शिव्या खात तुम्हाला इथवर आणतेय ती कशाला?"

सर मुकाट्याने टेबलावर आडवे झाले. त्या दिवशी माझ्या आतून पाणी वाहत होतं. मला फार वाईट वाटलं.

आठवड्याला पाच असे पस्तीस दिवस पुरे झाले आणि मी सरांबरोबर घरी आलो. तीन महिन्यांनी स्कॅन झाला. कॅन्सर कुठेच दिसला नाही! आता मी गाडीच्या मागच्या सीटवर असतो, मजेत. एवढंच सांगतो, मानेत गाठ आली तर दुखायची वाट बघू नका, लगेच दाखवा. माझी तुमची गाठभेट न झालेलीच बरी.

स्कॅनच्या दिवसापर्यंत आवाज मात्र आला नव्हता. नुसती कुजबुज. स्कॅनचा निकाल घेऊन परतताना काकूंनी मागे न बघताच गाडी वळवली.

"अगं, आरसा बघ की! डोळे आहेत का बटणं?"

सरांच्या आवाजाने काचा थरथरल्या. काकूंनी गाडी कडेला घेतली. म्हटलं, झालं, आता जुंपणार!

"अहो," काकू म्हणाल्या, "परत ओरडा ना."